पाच नंबरचा बाक

"कागद उजवीकडं, अंग डावीकडं!" खराडे गुरुजी ओरडले आणि त्यांनी हातातली पट्टी टेबलावर आपटली. "स्वप्नाली, तुझा खांदा आडवा येतोय. मागच्या काजलला काय दिसणार, तुझी वेणी?"

मी खांदा डावीकडं कलता केला. चौथीच्या वर्गात फरशीवर खडूनं चोवीस चौकोन आखलेले होते. एका ओळीत चार, अशा सहा ओळी. दुपारच्या सुट्टीनंतर आम्ही आपापल्या नंबराच्या चौकोनात मांडी घालून बसायचो आणि परीक्षेला कसं बसायचं ते शिकायचो. अभ्यास सकाळी, बसणं दुपारी. तीन महिने हेच चाललं होतं.

ही तयारी जिल्ह्याच्या प्रज्ञाशोध परीक्षेची. शंभर प्रश्न, दीड तास, उत्तरांचे गोल काळे करायचे. नक्कल होऊ नये म्हणून प्रश्नपत्रिकेचे चार संच असायचे, अ, ब, क, ड. प्रश्न तेच, पण क्रम वेगळा. म्हणजे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. पण खराडे गुरुजी वर्षानुवर्षं त्या केंद्रावर मुलं नेत होते. त्यांना ठाऊक होतं की खोलीत चार-चार बाकांच्या ओळी असतात आणि संच नंबराप्रमाणं वाटतात. चार बाक, चार संच. म्हणजे शेजारच्याचा संच वेगळा असला तरी पाठीमागच्याचा तोच! मग गुरुजींनी काय करावं? फॉर्म भरतानाच चार हुशार पोरं एक ते चार नंबराला लावली आणि बाकीची त्यांच्या मागं. माझा नंबर तीन. माझ्या मागं सात नंबरला काजल लोहार, तिच्या मागं अकरा, पंधरा, अशी आमची रांग. मी लिहायचं, काजलनं माझं बघायचं, तिच्या मागच्यानं तिचं.

मला खराडे गुरुजी आवडत नव्हते हे सांगूनच टाकते, उगाच आव कशाला आणू? पण पहिल्या ओळीत बसायला मात्र मला आवडायचं. शाळेच्या दर्शनी भिंतीवर गुणवंतांची नावं रंगवलेली होती, आणि त्यात पुढचं नाव माझं, असं मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

गोची झाली ती पाच नंबरच्या चौकोनात. तिथं माझा भाऊ बसायचा. स्वप्नील. आम्ही जुळी, मी त्याच्यापेक्षा दहा मिनिटांनी मोठी. त्याच्या पुढं एक नंबरचा हर्षद आणि मागं नऊ नंबरचा अवधूत.

"गुरुजी, ह्याचा कागद कोराच हाय!" त्या दुपारी अवधूत बोंबलला. "मी बघू कुणाचं?"

गुरुजी आले. सगळ्यांचे चाळीस-चाळीस गोल काळे झाले होते आणि स्वप्नीलचे चौदा. त्याच्या कच्च्या कागदावर कोंबड्या आणि शेळ्यांचे पाय काढलेले होते, एकेक रेघ मारून.

"हे काय?"

"कोंबड्या आणि शेळ्या मिळून बारा, गुरुजी. पाय चौतीस. शेळ्या किती ते काढतोय."

"काढायला कुणी सांगितलं तुला? पुढं बघ."

"पुढं हर्षद्याचं हाय."

"मग तेच बघायचंय, गाढवा!"

"पण मला येतंय, गुरुजी," स्वप्नील म्हणाला. "शेळ्या पाच."

उत्तर बरोबर होतं. पोरं फिदीफिदी हसली, हर्षद तर पोट धरून हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी स्वप्नीलच्या हातातला कागद ओढून घेतला आणि टराटरा फाडला. "तुझ्या एका शेळीपायी मागची चार पोरं बुडतील," ते म्हणाले. "तुला स्वतःला येत नाही, आणि आलेलं घेताही येत नाही!"

माझं डोकं असं तापलं की हातातली पेन्सिल मोडली. पण मी गप्प बसले. पहिल्या ओळीत होते ना मी.

त्याच आठवड्यात गुरुजी दूध डेअरीवर गेले. आमचे वडील, आप्पा, तिथं फॅट बघायच्या मशीनवर होते. मी किटली घेऊन गेले होते, म्हणून सगळं ऐकायला मिळालं.

"पोराला त्या दिवशी घरीच ठेवा," गुरुजी म्हणाले. "ताप आहे म्हणून मी केंद्रावर कळवतो."

"पण गुरुजी, फॉर्म भरलाय न्हवं?"

"भरलाय, तीच तर चूक झाली. न बसलेला पोरगा टक्केवारीत धरत नाहीत, बसून नापास झालेला धरतात. सहा वर्षं आपला निकाल शंभर टक्के आहे, आप्पा. तो आहे म्हणून शाळेला पोरं आहेत. निकाल पडू द्या, जूनमध्ये अर्धा वर्ग इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत चढलेला दिसेल. मग शाळा बंद आणि मी दुसरीकडं."

आप्पा मशीनकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही म्हणताय तर तसं. त्याला काय, शिकून कुठं कलेक्टर व्हायचंय!"

घरी आईनं भांडण काढलं. "पोरगं येवढं रेघा वढून वढून गणितं करतंय, त्याला नका जाऊ म्हणता? आन् पोरीला पाठवता?" आप्पा म्हणाले, "मास्तरांस्नी कळतं का तुला?" संपलं. चुलीवरची आमटी करपली आणि त्या दिवशी सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

स्वप्नीलला सांगायचं कुणी, ते मात्र कुणीच ठरवलं नाही. आप्पांना वाटलं आई सांगेल, आईला वाटलं ज्यानं ठरवलं त्यानं सांगावं. मला तर माहीतच होतं, आणि मीही सांगितलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सातला शाळेसमोर वडापच्या दोन जीपा उभ्या राहिल्या. एरवी तालुक्याला माणसं कोंबून नेणाऱ्या जीपा, त्या दिवशी गुरुजींनी आमच्यासाठी ठरवल्या होत्या. मी जाऊन पोचले तर गुरुजींनी मला पुढची, खिडकीजवळची जागा दिली. "तू इथं बस. आज तुझ्यावर आख्खी रांग आहे, बाई. तू नाहीस तर काही नाही." मी ऐटीत बसले.

आणि मागनं स्वप्नील आला. आंघोळ केलेली, केसाला तेल, हातात लिहायचं पॅड आणि त्याला चाप लावून दोन पेन्सिली. आप्पा डेअरीवर, आई गोठ्यात, तेवढ्यात तो आपला आपणच निघून आला होता.

"तू कुठं?" गुरुजी म्हणाले.

"परीक्षेला."

"तुझं हॉलतिकीट नाही आलं."

"माझा पाच नंबर हाय की, गुरुजी. हर्षदच्या मागं."

"नाही आलं म्हणतोय ना! घरी जा. तुला ताप आहे."

स्वप्नीलनं स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. खरंच लावला, ती काही थट्टा नव्हती. "न्हाई गुरुजी," तो म्हणाला, "गार हाय."

जीपमधली पोरं हसली. गुरुजींनी त्याचा दंड धरला, त्याला शाळेच्या पायरीवर नेऊन बसवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला!" जीप हलली. स्वप्नील पायरीवरनं उठला नाही, रडलाही नाही. नुसता जीपकडं बघत राहिला, आणि मी खिडकीत होते.

तालुक्याला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. काजल शेजारी होती. ती सारखी विचारत होती, "स्वपे, काय झालं गं? बोल की!" मी तिला खेकसले, "तू तुझं बघ!" तिचं काय चुकलं होतं? काही नाही. काजल हुशार होती, माझ्या पाठोपाठ तिचाच नंबर यायचा. स्वतःचं स्वतः लिहिलं असतं तरी आरामात पास झाली असती. पण गुरुजींनी तीन महिन्यांत तिला इतकं पढवलं होतं, की सरावात माझं उत्तर बघितल्याशिवाय तिचा हात गोलावर टेकायचा नाही.

केंद्र म्हणजे मोठं हायस्कूल. खोलीत तसेच चार-चार बाक, आमच्या फरशीवर होते अगदी तसे. बाकांवर खडूनं नंबर. पाच नंबरचा बाक रिकामा.

सुपरवायझर म्हणून एक तरुण बाई आल्या, बहुतेक नव्याच असाव्यात. त्यांनी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा फोडला आणि वाटायला लागल्या. हर्षदला अ, दोन नंबरला ब, मला क, चार नंबरला ड. मग मागची ओळ. पाच नंबरशी थांबल्या.

"हा कुठंय?"

"आजारी हाय, बाई. ताप आलाय," हर्षद चटकन म्हणाला. शिकवलेलं होतं ते.

बाईंनी यादीवर लाल रेघ मारली. आता त्या बाकावर अ संच ठेवून पुढं जायचं असतं. आज मी स्वतः हायस्कुलात गणित शिकवते, परीक्षेला सुपरवायझर असते, म्हणून मला नियम ठाऊक आहे. पण त्या बाईंनी तो अ संच बाकावर ठेवला नाही. हातातला तो अ संच त्यांनी सरळ सहा नंबरच्या मुलाला दिला. मग सातला ब. आठला क.

मी मान वळवून बघत होते. सातला ब! म्हणजे माझ्या मागच्या काजलला ब आणि मला क. पाच नंबर नाही, म्हणून सगळे संच एकेका घरानं सरकले. चारही रांगा तुटल्या होत्या आणि खोलीत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तीन महिने पोरांच्या डोक्यात एवढं भरलं होतं की पुढच्याचा तोच आपला, मग संच बघतंय कोण?

गुरुजींनीच स्वप्नीलला बाहेर काढला आणि गुरुजींचीच रांग मोडली. मला हसूच फुटलं. खरं सांगते, इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

तेवढ्यात पाठीत पट्टी टोचली.

"स्वपे," काजल अगदी हळू म्हणाली, "तुझा संच कुठला?"

फक्त तिनं विचारलं. चोवीसातल्या एकट्या काजलनं! बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. मी 'क' म्हटलं असतं तर काजलनं माझ्याकडं बघणंच सोडलं असतं, आपलं आपण लिहिलं असतं. मागच्यांनी तिचं बघितलं असतं आणि निदान आमची रांग तरी तरली असती. गुरुजींचे पाच-सहा जण पास झाले असते.

माझ्या डोळ्यांपुढं कपाळाला हात लावणारा स्वप्नील होता. मी हात पाठीमागं नेला आणि दोन बोटं दाखवली. दोन म्हणजे ब.

मग घंटा झाली. मी कागद उजवीकडं ठेवला, अंग डावीकडं घेतलं, अगदी शिकवल्यासारखं. आणि उत्तरं लिहीत गेले, सगळी बरोबर, स्वच्छ, ठसठशीत काळे गोल. काजलला नीट दिसावेत म्हणून मधेमधे थांबतही होते. पाठीमागं तिची पेन्सिल खरखरत होती. एकदा-दोनदा ती थबकली, "स्वपे?" असं पुटपुटली. मी वळले नाही. पुन्हा खरखर सुरू झाली.

बाहेर फाटकाशी गुरुजी उभेच होते. पेढ्यांचा पुडाही आणलेला. "आणा, प्रश्नपत्रिका आणा," म्हणत त्यांनी हर्षदची घेतली, मग सहा नंबरची, माझी, काजलची. एकावर एक ठेवताना त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्या पत्रिकेचा वरचा कोपरा बघितला, काजलचा बघितला, परत माझा. मग मागच्या पोरांच्या पत्रिका ओढून ओढून घेतल्या. चेहरा पांढराफटक झाला.

"हे असं कसं? काजल, तुझा ब कसा?"

"बाईंनी दिला, गुरुजी."

"आणि पुढचीचा बघितला नाहीस?"

"विचारला की. स्वपीनं दोन बोटं दाखवली."

सगळी पोरं माझ्याकडं वळली. गुरुजींनी मला हाताला धरून जीपच्या मागं नेलं. आजूबाजूला दुसऱ्या शाळांचे गुरुजी, पालक, केंद्रप्रमुख. त्यामुळं ते ओरडूही शकत नव्हते, दात-ओठ खात बोलत होते.

"तुझा क होता. तुला ठाऊक होतं तिचा ब आहे ते?"

"हो."

"मग खोटं का सांगितलंस?"

"तुम्ही स्वप्नीलला ताप आलाय म्हणून का सांगितलं?"

"थोबाड फोडीन!"

"फोडा की," मी म्हणाले. दहा वर्षांची होते, पण त्या क्षणी मला कुणाचीही भीती वाटत नव्हती. "मोठ्यानं फोडा. आणि ते साहेब विचारतील कशाला मारताय, तर सांगा त्यांना. काजलला नक्कल करू दिली नाही म्हणून मारतोय, असं सांगा!"

गुरुजींचा उगारलेला हात खाली आला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. ते कुणाला काय सांगणार होते? केंद्रप्रमुखांना? आप्पांना? मला वाटलं, जिंकले मी. मी त्यांच्याकडं अशी काही बघत होते की त्यांनीच नजर वळवली. "बस जा गाडीत," ते म्हणाले. पेढ्यांचा पुडा त्यांनी जीपच्या टपावर ठेवला आणि तो तिथंच राहिला.

काजल मागच्या सीटवर होती. मी तिच्या शेजारी बसायला गेले, तर तिनं दप्तर मधे ठेवलं.

"मला त्यातली लई येत हुती," ती समोर बघत म्हणाली. "माझं उत्तर येगळं यायचं. तरी खोडून तुझंच भरलं. म्हटलं, स्वपी कशाला चुकंल?"

मी काहीतरी बोलणार होते, पण तिनं तोंड फिरवलं. निकाल दोन महिन्यांनी लागला. पहिल्या ओळीतले आम्ही चौघं पास झालो, बाकी एकही नाही. भिंतीवर माझं नाव रंगवलं गेलं, माझ्याखाली हर्षदचं. काजलला शंभरात अकरा प्रश्न बरोबर आले. तिच्या वडिलांनी पाचवीला तिला वरच्या गावच्या शाळेत घालायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. "पोरगीत काही दम नाही," म्हणाले. गुरुजींची त्या जूनमध्ये बदली झाली. ती मागून घेतली का दिली ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचीही इच्छा नव्हती.

पण त्या दिवसाचं संपलेलं नाही अजून.

जीप गावात पोचली तेव्हा चार वाजले असतील. स्वप्नील ओट्यावर बसला होता, पॅड मांडीवर. मला बघून उठला. "आणलीस?"

"काय?"

"पत्रिका."

गुरुजींच्या हातातनं पडलेली माझी पत्रिका मी उचलून आणली होती. ती त्याला दिली. त्यानं घरातलं गजराचं घड्याळ आणून माझ्यापुढं ठेवलं. "दीड तास लाव," तो म्हणाला. "आणि मी इच्यारलं तरी काय सांगू नगंस."

मी दीड तास लावला आणि समोर बसले. तो रेघा ओढत, बोटं मोजत, ओठ हलवत सोडवत होता. आई चहा घेऊन आली तर त्यानं मान वर केली नाही. घड्याळ खणाणलं तेव्हा तो एकोणपन्नासाव्या प्रश्नावर होता, अर्धी बेरीज झालेली. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. कुणी सांगितलं नाही, कुणी बघत नव्हतं, तरी ठेवली.

"तपास," तो म्हणाला.

मी पेपर तपासला. अठ्ठेचाळीसातले एकेचाळीस बरोबर. पास व्हायला चाळीस लागत होते.

मी उडालेच. "स्वप्न्या, तू पास झालास!" आणि मग माझ्यानं राहवेना. मी त्याला सगळं सांगितलं. संच कसे सरकले, काजलनं कसं विचारलं, मी दोन बोटं कशी दाखवली, गुरुजींचा चेहरा कसा पडला. फुशारकीनं सांगत होते, हातवारे करून. "तुझ्यासाठी केलं मी," मी म्हणाले. "त्यांनी तुला हाकललं ना? मग घ्या म्हटलं!"

स्वप्नील हसेल असं मला वाटलं होतं. त्यानं पत्रिकेची घडी घातली, पेन्सिली चापाला लावल्या.

"काजलनं काय केलं हुतं?" त्यानं विचारलं.

"काजलचं सोड रे. मी तुझ्यासाठी…"

"गुरुजी म्हणालं हुतं, तू न्हाईस तर काय न्हाई. मी मागनं येताना ऐकलं." त्याचा आवाज चढला नव्हता, पण माझ्याकडं त्यानं तसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही कधी नाही. "तू नुसती जीपमधनं खाली उतरली असतीस, तर त्यांनी मला घेतला असता."

तो पॅड घेऊन घरात गेला.